सापळा क्रमांक सतरा

बिलावर छापलंय : कामगंध सापळे, नग सोळा.
पहिल्या दिवशी मला वाटलं, कामाचाच गंध असेल,
घामाचा, ताडपत्रीचा, हमालांच्या ओल्या गोणपाटाचा.
चेऊलकर सुपरवायझर हसला, मग लाजला.
"ते काम नाही मावशी. ते दुसरं."

तुर्भ्याचं गोडाऊन. खाली बेदाणा, वर बदाम,
मागच्या अंगाला अंजीर.
दर मंगळवारी मी शिडी लावते.
वर कागदाचं चिमुकलं कौलारू घर, आत डिंक,
मधोमध रबराची बोंडी,
पेन्सिलीच्या टोकावरल्या खोडरबराएवढी.
तिच्यात एक मादी आहे.
म्हणजे नाही.
तिची फक्त हाक आहे, कारखान्यात केलेली,
आठ आठवडे पुरणारी.

नर येतात. नुसते नर.
अर्धे पंख पांढुरके, अर्धे तांब्याचे.
खाणंपिणं त्यांचं अळीपणीच उरकलेलं असतं,
आता बदामाच्या डोंगरावरून उडतात
आणि खाली बघतसुद्धा नाहीत.
हाती आठ-दहा दिवस, आणि काम एकच.
(हो, तेच.)

मी चिमट्याने मोजते, वहीत लिहिते.
पहिला : चार. दुसरा : दोन.
आठवा : तीन.
नववा : एकतीस.

मग नवव्याखालची थप्पी हलते,
हमाल हूक मारत एकेक पोतं उतरवतात,
आणि तळाशी सापडतं ते,
जाळं धरलेलं, आतून वळवळणारं.
एक पोतं बाहेर. बाकी माल जागच्या जागी.
"बापांनीच पोरांची चाडी केली," देढिया शेठ म्हणतात
आणि एक बदाम तोंडात टाकतात.

पूर्वी गोळ्या ठेवायचे. तीन दिवस शटर बंद,
फटींना चिकटपट्टी, दारावर कवटीचं चित्र.
माझा धाकटा दीर एकदा विसरलेला डबा आणायला आत गेला.
तेव्हापासून तो जिना चढताना मध्येच बसतो.
म्हणून मला हे बरं वाटतं, हे खोटं बोलून मारणं.
बरं वाटतं, आणि मंगळवारी जेवण जात नाही.

एक सांगायचं राहिलं. मला वास येत नाही.
त्या तापाच्या वर्षी गेला तो गेलाच.
मिरचीची गाडी लागली की सगळी गल्ली खोकते,
मीही खोकते, पण ती घशाला कळते, नाकाला नाही.
घरी सुकट भाजली तर शेजारीण सांगते, वहिनी, करपली.

परवा हातमोजा फाटला. बोंडी बोटांनीच बसवली.
रात्री घणसोलीला, ओट्यापाशी,
एक पतंग माझ्या बाहीभोवती.
साबण लावला. चिंच लावली. राख लावली.
तो आपला पंख थरथरवत तिथंच.
बावन्न वर्षांत माझ्याकडे इतकं सरळ
कुणी आलेलं नाही.
मला वास येत नाही. पण माझा येतो,
हे एका किड्याकडून कळावं.

आमच्याकडे खाडीच्या बांधावर चकवा लागायचा.
पायाखालची वाट, दिसणारा दिवा,
आणि रात्रभर चालून घर काही येत नाही.
सासरा एकदा पहाटे चिखलात बसलेला सापडला,
म्हणे, कुणीतरी नावानं बोलवत होतं.
आता मी चकव्याच्याच नोकरीत.
पगार महिन्याच्या सातला.

तांदळाचा डबा उघडा होता. मारायलाच हवा होता.
चप्पल उचलली.
मग डब्याचं झाकण लावलं
आणि साडी बदलून दिवा घालवला.
अंधारात तो किती वेळ होता, ठाऊक नाही.

मंगळवारी वहीत लिहिलं :
सतरावा : एक.
"सोळाच आहेत ना मावशी?" चेऊलकर म्हणाला.
चुकलं असेल, म्हटलं.
त्याने खिशातून खोडरबर काढून पुढे केलं,
झिजून बोंडीएवढं झालेलं.
मी ते उगाच नाकाशी नेलं.